धक्का न मारता बाहेर

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी वर्तमानपत्रांत एक छोटी सूचना अधूनमधून दिसते. अमुक पत्र किंवा तमुक वृत्तांत या अंकातून 'क्राउडेड आउट' झाला आहे, पुढच्या अंकात येईल. आपल्याकडचे संपादक अशा वेळी 'जागेअभावी' म्हणतात. दोन्हीकडे संपादकाची सोय सारखीच. मजकूर वाईट होता असं तो म्हणत नाही आणि आपण तो काढला असंही म्हणत नाही. पान भरलं, उरलं ते उरलं. निवडणुकीचे निकाल, एखाद्या बड्या माणसाचं निधन, दिवाळीच्या जाहिराती यांनी मिळून तुमच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेची बातमी घालवलेली असते. पण त्या सभेशी यांतल्या एकाचंही काही वाकडं नसतं.

'क्राउड आउट' या फ्रेझल व्हर्बचं सगळं बळ यातच आहे. जागा बेताची असते, तिथे काहीतरी वाढत जातं, आणि त्याच्या नुसत्या असण्यामुळे दुसऱ्याला थारा उरत नाही. त्यासाठी वैर लागत नाही, हेतू लागत नाही, धक्काही लागत नाही. म्हणूनच हे क्रियापद वनस्पतिशास्त्रात जितकं शोभतं तितकंच अर्थशास्त्रात, आणि म्हणूनच ते कधी कधी चुकीच्या माणसाच्या हाती पडतं. ते कसं, ते पुढे येईलच.

'क्राउड' हा शब्द आपण शाळेत नाम म्हणून शिकतो. क्राउड म्हणजे गर्दी, संपलं. इंग्रजीत मात्र तो आधी क्रियापद होता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ रेटणं, दाबत पुढे सरकणं. माणसांचा घोळका हा अर्थ त्याला बऱ्याच नंतर, सोळाव्या शतकात चिकटला. हा रेटा डोक्यात ठेवला की त्याच्या जोड्या उलगडायला सोप्या जातात. 'क्राउड अराउंड' म्हणजे कुणाभोवती कोंडाळं करणं. 'क्राउड इंटू' म्हणजे दाटीवाटीने आत शिरणं. 'क्राउड आउट' म्हणजे मात्र बाहेर गर्दी करणं नव्हे, हे पहिल्यांदा वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावं. गर्दी आतच असते. बाहेर जातो तो ज्याला आत जागा उरली नाही तो.

व्याकरण फार अवघड नाही. क्रियापद सकर्मक आहे, म्हणजे कोण बाहेर पडलं हे सांगावंच लागतं. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्ये बसतं. 'क्राउड देम आउट' बरोबर, 'क्राउड आउट देम' चूक. कर्म नाम असेल तर दोन्हीकडे चालतं, पण ते लांबलचक असेल तर शेवटी टाकलेलं कानाला बरं वाटतं. बोलण्या-लिहिण्यात कर्मणी प्रयोगच अधिक भेटतो. ज्याने जागा व्यापली त्याच्याआधी 'बाय' आणि जिथून बाहेर पडावं लागलं त्याच्याआधी 'ऑफ': 'स्मॉल शॉप्स आर बीइंग क्राउडेड आउट बाय मॉल्स', 'म्युझिक हॅज बीन क्राउडेड आउट ऑफ द टाइमटेबल'. कर्ता सजीव असण्याची गरज नाही. काळज्या विचारांना क्राउड आउट करतात, जाहिराती बातम्यांना, मोबाइल झोपेला. उलट एकटादुकटा माणूस कर्ता म्हणून इथे नीट बसत नाही. 'साहेबांनी जोशांना क्राउड आउट केलं' असं इंग्रजीत लिहिलंत तर वाचणारा विचारेल, साहेब एकटे किती जागा व्यापतात? तिथे 'फोर्स आउट' हवं.

या 'आउट'चं कुटुंब मोठं आहे आणि त्यातला प्रत्येक भाऊ वेगळ्या स्वभावाचा. 'ड्राइव्ह आउट' म्हणजे हुसकावून लावणं, उघड उघड. 'एल्बो आउट'मध्ये कोपर मारलेलं असतं. 'ईज आउट' म्हणजे गोड बोलून, सत्कार करून, शाल-श्रीफळ देऊन पदावरून दूर करणं. 'फ्रीझ आउट' म्हणजे माणसाशी कुणी बोलायचंच नाही, मग तो आपोआप उठून जातो. 'एज आउट'चा एक अर्थ निसटत्या फरकाने हरवणं, म्हणून तो क्रिकेटच्या बातम्यांत दिसतो. 'प्राइस आउट'मध्ये दार उघडंच असतं, फक्त आतला भाव आवाक्याबाहेर गेलेला असतो. मराठीत माणसाला बाहेर काढण्याचे शब्द काही कमी नाहीत. हकालपट्टी, उचलबांगडी, गच्छंती, डच्चू, पत्ता कट, हातावर नारळ, आणि जुन्या वळणाच्या लेखकांचा लाडका अर्धचंद्र. पण यांतल्या प्रत्येकात काढणारा कुणीतरी असतो. नारळ ठेवणारा हात असतो, मानेला धरणारी बोटं असतात. 'क्राउड आउट'च्या जवळ जाणारं काही हवं असेल तर ते शेतात सापडतं: तण खाई धन. तण पिकाला मारत नाही. ते नुसतं उगवतं, आणि पाणी, खत, ऊन ही सगळी पिकाची शिदोरी खाऊन टाकतं.

तणांचा विषय निघालाच आहे तर गाजरगवताकडे वळू, कारण त्याची भारतातली हकिगत पुण्यातून सुरू होते. पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे त्याचं शास्त्रीय नाव. मूळ घर मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा अमेरिकेचा उष्ण प्रदेश. पुण्यात ते १९५५च्या सुमारास नजरेस आलं आणि पुढच्या वर्षी त्याची शास्त्रीय नोंद छापून आली. त्यानंतर काही दशकांत रेल्वेचे रूळ, पडीक जमिनी, शाळांची मैदानं, शेतांचे बांध असं करत ते देशभर पोचलं. चटकचांदणी आणि काँग्रेस गवत ही त्याची आणखी दोन नावं.

पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला वाकून हे झाड पाहण्यासारखं असतं. सुरुवातीला खोड दिसतच नाही. गाजराच्या पानांसारखी कातरलेली पानं जमिनीला चिकटून गोल पसरतात, एखाद्या हिरव्या ताटलीएवढी. या ताटलीखाली दुसऱ्या बीला ऊनच मिळत नाही. तेवढी जमीन ताब्यात आली की मधून खोड उभं राहतं, महिनाभरात पांढरी बारीक फुलं येतात आणि एकेक झाड हजारो बिया टाकतं. पानांत आणि मुळांत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. ते मातीत उतरलं की आजूबाजूच्या कित्येक वनस्पतींचं बी रुजत नाही किंवा रुजून खुरटतं. गुरं तोंड लावत नाहीत, त्यामुळे चरणीने बाकीचं गवत कमी होतं आणि हे तेवढं राहतं. माणसांच्या कातडीला खाज सुटते, काहींना दमा होतो, म्हणून उपटायलाही कुणी उत्साहाने पुढे येत नाही. कुरणातलं चाऱ्याचं गवत असं जातं. त्यासाठी गाजरगवताला लढाई करावी लागत नाही.

आता त्याच्या काँग्रेस या नावाची गंमत. सर्वत्र सांगितली जाणारी कथा अशी की अमेरिकेने पीएल-४८० या अन्नसाहाय्याच्या योजनेखाली पाठवलेल्या निकृष्ट गव्हातून हे बी आलं, आणि तो गहू आणणारं सरकार काँग्रेसचं, म्हणून हे नाव. काहींच्या मते ते मुद्दाम मिसळलं होतं. परदेशी धान्यातून तणाचं बी येणं अगदी शक्य आहे, आणि अमेरिकी गहू १९५१ पासूनच आपल्याकडे येत होता. पण पीएल-४८०चा भारताशी झालेला करार ऑगस्ट १९५६चा आहे, आणि झाड पुण्यात त्याच्या आधी दिसलेलं होतं. तारखा जुळत नाहीत, तरी कथा हलत नाही. माझ्या मते यामागे 'क्राउड आउट'चीच अडचण आहे. इतकं नुकसान झालं आणि करणारा कुणीच नाही, हे माणसाला पटत नाही. गवताला दोषी धरता येत नाही, म्हणून मग सरकार, पक्ष, महासत्ता असं कुणीतरी शोधावं लागतं.

या गवतावरचा एक उपायही क्राउड आउटच्याच वाटेचा आहे. आधी १९८४मध्ये बंगळुरात मेक्सिकोहून आणलेले झायगोग्रामा जातीचे भुंगे सोडण्यात आले. ते पानं फस्त करतात, पण पावसाळा सरला की मातीत झोपी जातात, आणि गवत पाण्याच्या कडेने तग धरून राहतं. म्हणून जबलपूरचं तण संशोधन संचालनालय आणखी एक सोपा मार्ग सुचवतं. पावसाआधी गाजरगवताच्या जागी टाकळ्याचं बी फेका. टाकळा, म्हणजे तरोटा, भराभर दाट उगवतो आणि गाजरगवताच्या रोपांना वर यायला सवडच देत नाही. इंग्रजीत हेच क्रियापद इथे पुन्हा वापरतात, फक्त कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल होते. टाकळ्याची कोवळी पानं कोकणात पावसाळ्यात भाजीला वापरतात, हा वरचा नफा.

शरीराच्या आतही असंच क्राउड आउट घडतं. रक्ताचा कर्करोग समजावून सांगताना इंग्रजी वैद्यकीय पुस्तकं नेमकं हेच क्रियापद घेतात. हाडांच्या मगजात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स तयार होतात. तिथे अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या की बाकीच्यांना जागा उरत नाही. तांबड्या कमी पडल्या की रुग्ण पांढराफटक होतो आणि दमतो, प्लेटलेट्स घटल्या की जरा लागलं तरी रक्त थांबत नाही, कामाच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की साधा ताप जिवावर बेततो. वेगवेगळी वाटणारी ही तीन लक्षणं एकाच दाटीची आहेत, हे त्या क्रियापदामुळे विद्यार्थ्याच्या चटकन लक्षात येतं.

मगजाची पोकळी ठरावीक असते, शेताचं क्षेत्र ठरावीक असतं, वर्तमानपत्राचं पानही. मात्र पैशाच्या व्यवहारात जागा खरोखरच ठरावीक असते का? अर्थशास्त्रज्ञ गेली शंभर वर्षं यावरच भांडत आहेत.

त्यांचा 'क्राउडिंग आउट' थोडक्यात असा. सरकारला खर्चाला पैसे कमी पडले की ते बाजारातून कर्ज उचलतं. लोकांची बचत तेवढीच, मागणारे मात्र वाढले, म्हणून व्याजदर चढतो. सरकारला चढा दर परवडतो, कारण फेडायचं आहे करदात्यांच्या पैशातून. पण एखादा कारखानदार नवी यंत्रं घ्यायचा विचार करत असेल, तर तो आकडेमोड करून कागद गुंडाळून ठेवतो. सरकारने त्याला अडवलेलं नसतं. तो बँकेत गेलेलाही नसतो. ज्या कारखान्याचा पायाच खणला गेला नाही तो मोजायचा कसा, म्हणून हा वाद मिटत नाही.

नाव रूढ झालं १९७०च्या दशकात, अमेरिकेत, पण विचार जुना आहे. एप्रिल १९२९मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी अंदाजपत्रक मांडताना आपल्या खात्याचं ठाम मत सांगितलं होतं: सरकारने कर्ज काढून कामं सुरू केली तरी एकूण रोजगारात फारशी भर पडत नाही, कारण तो पैसा दुसरीकडूनच येतो. तेव्हा ब्रिटनमध्ये दहा लाखांहून अधिक माणसं बेकार होती. जॉन मेनार्ड केन्स आणि ह्यूबर्ट हेंडरसन यांनी त्याच वर्षी एक पुस्तिका काढून या मताची चिरफाड केली. त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. हात रिकामे आहेत, यंत्रं थंड पडली आहेत, अशा वेळी सरकारी खर्चाने कुणाची जागा घेतली? जागा मोकळीच होती. उलट सरकारने रस्ता बांधला, वीज नेली, की खाजगी उद्योग त्यामागून येतो. याला अर्थशास्त्रज्ञ 'क्राउडिंग इन' म्हणतात. सगळे कारखाने भरभरून चालले असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा चर्चिल यांच्या खात्याचं म्हणणं बरंच खरं ठरतं.

भारतातलं उदाहरण याहून मासलेवाईक आहे. १९९१च्या सुमारास बँकेत शंभर रुपयांची ठेव आली, तर त्यातले १५ रुपये रोख राखीव निधी म्हणून रिझर्व्ह बँकेकडे ठेवावे लागत. आणखी ३८ रुपये ५० पैसे वैधानिक तरलतेच्या नियमाखाली मुख्यतः सरकारी रोख्यांत घालावे लागत. म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम आधीच गेली. उरलेल्यातून दिलेल्या कर्जांपैकी ४० टक्के शेती, लघुउद्योग अशा अग्रक्रम क्षेत्रांना. बाकी सगळ्यांसाठी शंभरातले अठ्ठावीसेक रुपये राहिले. नरसिंहम समितीने १९९१मध्ये हे प्रमाण खाली आणायला सांगितलं, आणि आज तरलतेची अट १८ टक्क्यांवर आहे. याला 'क्राउडिंग आउट' म्हणण्याची पद्धत आहे, पण मला ते पटत नाही. क्राउड आउट व्हायला रांगेत सगळ्यांना उभं राहावं लागतं. इथे गर्दीमुळे कुणाला चढता आलं नाही असं झालंच नव्हतं, डबाच राखीव होता. व्याजदर वाढून उद्योजक मागे सरला नाही, कायद्याने त्याचा वाटा आधीच कापला. कुणी, कधी, किती टक्क्यांनी, हे सगळं परिपत्रकांत लिहिलेलं आहे.

पैशाने पैशाला बाहेर काढणं समजायला सोपं आहे. पैशाने माणसाच्या चांगुलपणाला बाहेर काढलं तर? या क्रियापदाचा हा सर्वांत नवा वापर, आणि मला सर्वांत चक्रावणारा.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक रिचर्ड टिटमस यांनी १९७०मध्ये रक्तदानावर एक पुस्तक लिहिलं. ब्रिटनमध्ये रक्त फुकट दिलं जाई, अमेरिकेत बरंचसं विकत घेतलं जाई. टिटमस यांचं म्हणणं असं की रक्ताला भाव लावला की ते अधिक मिळेल ही समजूत चूक आहे. भाव आला की देण्याची भावना जाते, आणि गरजेपोटी आजार लपवून रक्त विकणारे वाढतात. बहुतेक अर्थशास्त्रज्ञांना हे भाबडं वाटलं. दोन कारणं असतील तर माणूस अधिक करेल, कमी कसं, असा त्यांचा सरळ हिशेब.

१९९३मध्ये स्वित्झर्लंडमधल्या वोल्फेनशीसेन या खेड्याने तो हिशेब उलटा केला. अणुभट्ट्यांचा किरणोत्सारी कचरा पुरण्यासाठी या खेड्याचा विचार चालू होता. ब्रूनो फ्राय आणि फेलिक्स ओबरहोल्झर-गी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी गावकऱ्यांना घरोघर विचारलं, तुमच्या गावात हे चालेल का? ५०.८ टक्के लोक हो म्हणाले. धोका त्यांना ठाऊक होता, जमिनीचे भाव पडतील हेही ठाऊक होतं. पण देशाला कचरा कुठेतरी ठेवावा लागणारच, तर आपण आपला वाटा उचलू, असा त्यांचा विचार. मग पुढचा प्रश्न: संसदेने दरवर्षी प्रत्येकाला भरपाई द्यायचं ठरवलं तर? रक्कम क्षुल्लक नव्हती. तरी होकार २४.६ टक्क्यांवर आला. भरपाई वाढवून पाहिली तरी आकडा फारसा हलला नाही. पैशाचं नाव निघेपर्यंत प्रश्न नागरिकाला विचारलेला होता. पैशाचं नाव निघाल्यावर तो जमीनमालकाला विचारल्यासारखा झाला, आणि मालक म्हणाला, या भावात नको.

दुसरा प्रयोग इस्राएलमधल्या हैफा शहरातला, १९९८चा. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी यांनी दहा पाळणाघरं निवडली. मुलांना चार वाजेपर्यंत न्यायचं असा नियम होता. काही पालक उशिरा येत, एखादी शिक्षिका ताटकळत बसे, पण दंड नव्हता. पहिले चार आठवडे नुसती नोंद ठेवली. पाचव्या आठवड्यापासून सहा पाळणाघरांत पाटी लागली: दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर दहा शेकेल. उशीर कमी व्हायला हवा होता. तो वाढत जाऊन जवळजवळ दुप्पट झाला. कारण आजवर पालक धावतपळत येत ते त्या शिक्षिकेच्या संकोचाने. आता त्या उशिराला किंमत लागली होती, आणि किंमत मोजली की संकोच कशाचा? त्यातून महिन्याची फी १,४०० शेकेल, तिच्यापुढे दहा म्हणजे काहीच नाही. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला. उशीर तसाच राहिला. पाटी काढल्याने संकोच परत आला नाही, उलट सेवा फुकट झाली. शेतातलं तण उपटलं तर पीक निदान पुन्हा पेरता येतं. इथे पेरायचं काय हे कुणालाच कळेना.

हा निष्कर्ष अनेकांना इतका आवडला की तो नको तिथेही लावला जातो, म्हणून एक सावधगिरी सांगायला हवी. रक्तदात्यांना टी-शर्ट, कूपन अशा छोट्या भेटी देऊन झालेल्या प्रत्यक्ष प्रयोगांचा आढावा २०१३मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यात बहुतेक ठिकाणी रक्तदाते वाढलेले दिसले. तेव्हा भेट दिली की भावना मेलीच, असं नाही. टोपी किंवा डबा मिळाला म्हणून रक्तदान शिबिरातला माणूस विक्रेता होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून भारतात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली, ती टिटमस यांनी सांगितलेल्या दुसऱ्या भीतीमुळे, म्हणजे दूषित रक्तामुळे. भेटवस्तू आणि मोबदला यांत माणसं फरक करतात, आणि तो फरक कुठे पडतो हे आधी सांगता येत नाही.

या क्रियापदाचा सर्वांत जास्त गैरवापर होतो तो माणसांच्या स्थलांतराबद्दल. बाहेरून आलेले लोक इथल्यांना नोकऱ्यांतून क्राउड आउट करतात, हे वाक्य जगातल्या प्रत्येक मोठ्या शहरात कधी ना कधी भाषणात येतं. मुंबईला ते नवं नाही. त्यात गृहीत धरलेलं असतं की नोकऱ्यांची संख्या हाडाच्या मगजासारखी ठरलेली आहे. १९८०मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसं काही महिन्यांत फ्लोरिडाला आली. मायामीतले कामकरी हात त्यामुळे सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड यांनी १९९०मध्ये आकडे तपासले तर स्थानिकांच्या मजुरीवर आणि बेकारीवर परिणाम जवळजवळ दिसलाच नाही, कारण आलेली माणसं कामं करत होती तशी खरेदीही करत होती, घरं भाड्याने घेत होती. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी तेच आकडे वेगळ्या पद्धतीने मांडून दाखवलं की शाळा अर्धवट सोडलेल्या स्थानिकांची मजुरी चांगलीच घसरली होती. वाद चालू आहे. पण दोन्ही बाजू एक गोष्ट मान्य करतात: सरसकट विधान करून चालणार नाही, कुणाची कुठली जागा हे आधी ठरवावं लागेल.

आणि कधी कधी जागा ठरावीक असते, माणसं खरोखर बाहेर जातात, तरीही हे क्रियापद लावणं खोटं असतं. मुंबईतलं गिरणगाव घ्या. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि बहुतेकांसाठी तो संप कधी संपलाच नाही. नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत परळ, लालबाग, वरळीच्या चिमण्यांखाली मॉल आणि टॉवर आले, आणि चाळीतली पुढची पिढी डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली. इंग्रजी लेखांत याचं वर्णन 'प्राइस्ड आउट' किंवा 'क्राउडेड आउट' असं येतं. भाव वाढले, शहर वाढलं, माणसं सरकली, जणू पाऊस पडला आणि गवत उगवलं. पण १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, तेवढाच परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१मध्ये या नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांच्या आवारात शेड्स आणि इमारतीच अधिक असल्याने महापालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्याला मूळच्या मानाने फारच थोडं आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६मध्ये बदललेला नियमच कायम राहिला. या सगळ्याला क्रमांक आहेत, तारखा आहेत, सह्या आहेत.

म्हणून इंग्रजीत लिहिताना एवढं पाहा. टाकळा गाजरगवताला क्राउड आउट करतो, जरूर लिहा. परीक्षेच्या विषयांनी चित्रकलेचा तास क्राउड आउट केला असं लिहिण्याआधी मात्र वेळापत्रक कुणी आखलं ते विचारा. नाव मिळालं तर 'क्राउडेड आउट' खोडा, तिथे 'कट' लिहा आणि वाक्याला कर्ता द्या.